पीएफच्या भरवशावर निवृत्ती कितपत निभते?

खासगी नोकरदाराच्या निवृत्तीची तरतूद बहुतेक वेळा एका शब्दात सांगितली जाते: पीएफ. दरमहा पगारातून परस्पर कापला जातो, व्याज सरकार जाहीर करते आणि निवृत्तीच्या वेळी एकरकमी लाखांची रक्कम हाती पडते. यात चूक काही नाही. मात्र ती रक्कम तेव्हाच्या बाजारात किती दिवस पुरेल, हा हिशेब फारच थोड्या घरांत मांडला जातो.

हिशेबाची सुरुवात पगारापासून न करता खर्चापासून करावी. समजा, ३३ वर्षांच्या नोकरदाराच्या घरचा महिन्याचा खर्च आज ४०,००० रुपये आहे आणि तो ५८व्या वर्षी निवृत्त होणार आहे. तोवर मुलांच्या फिया आणि गृहकर्जाचा हप्ता संपेल, औषधपाणी मात्र वाढेल. दोन्ही धरून आजच्या भावाने महिना ३०,००० रुपये लागतील असे मानू. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली तर २५ वर्षांनी हाच खर्च सुमारे १ लाख २९ हजारांवर जातो. पुढे आणखी २५ वर्षे काढायची आहेत, आणि निवृत्तीनंतर पुंजीवरचे व्याज जेमतेम महागाईला पुरेल असे धरले, तर आजच्या भावाने ९० लाख रुपये हवेत. त्या वेळच्या रुपयांत ही रक्कम ३ कोटी ८६ लाखांच्या आसपास जाते.

कोटींचा आकडा पाहून माणूस वही मिटून ठेवतो. म्हणून सगळा हिशेब आजच्या भावात करणे शहाणपणाचे. ९० लाख ही निदान डोळ्यांसमोर आणता येणारी रक्कम आहे. २५ वर्षांचा काळही जास्त वाटण्याचे कारण नाही. पत्नी सहसा वयाने लहान असते आणि स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त असते, तेव्हा पैसा तिच्या वयाला पुरायला हवा.

आता पीएफकडे वळू. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम कर्मचारी भरतो, तेवढीच मालक भरतो. पण मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के, कमाल १,२५० रुपये, पीएफमध्ये न जाता १९९५च्या पेन्शन योजनेत जातात. वरच्या नोकरदाराचे मूळ वेतन २५,००० असेल, तर पीएफ खात्यात दरमहा ४,७५० रुपये जमा होतात. आधीच्या कंपनीतला पीएफ त्याने नोकरी बदलताना काढून घेतला, म्हणून सुरुवात शून्यापासून. पगार दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढत गेला आणि व्याज ८ टक्के मिळाले, तर ५८व्या वर्षी खात्यात सुमारे ९५ लाख असतील. निरोप समारंभात सांगायला आकडा भारदस्त आहे. आजच्या भावात मात्र ते जेमतेम २२ लाख होतात, म्हणजे गरजेच्या पाव हिश्श्याहून कमी.

पेन्शन योजनेवरही फार विसंबता येत नाही. पेन्शनपात्र वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७०ने भागायचे, असे तिचे सूत्र आहे. आणि हे वेतन २०१४पासून सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांच्या मर्यादेत मोजले जाते. नोकरीची २५ वर्षे आणि २० वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी २ वर्षे धरली, तर महिन्याला ५,८०० रुपयांच्या आसपास पेन्शन बसते. आजच्या भावात ते १,३५० रुपये होतात. शिवाय ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनला महागाई भत्त्याची जोड होती. मार्च २०२३मध्ये महाराष्ट्रातले राज्य कर्मचारी तिच्यासाठी संपावर गेले, ते उगाच नव्हे.

राहिलेली ६८ लाखांची तूट स्वतंत्र बचतीतून भरावी लागते. ग्रॅच्युइटीचा त्यात थोडाफार हातभार लागतो. बचत वर्षाला १० टक्क्यांनी वाढली, तर दरमहा सुमारे १४,००० रुपये बाजूला काढावे लागतात आणि ही रक्कम दरवर्षी महागाईइतकी वाढवत न्यावी लागते. १० टक्के परतावा हवा असेल तर मोठा हिस्सा शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत ठेवावा लागतो आणि तिथे कोणी हमी देत नाही. हीच बचत पीपीएफसारख्या ७ टक्क्यांच्या घरातल्या योजनेत केली, तर दरमहा २०,००० लागतात. आणि सुरुवात ४३व्या वर्षी केली, तर १० टक्क्यांच्या परताव्यानेही आजच्या भावात महिन्याला २९ हजारांच्या घरात जावे लागते. बाजाराची भीती बाळगण्याचे कारण आहे, पण पंचवीस वर्षांच्या बचतीत उशिराची किंमत बाजाराच्या चढउतारांपेक्षा अधिक पडते.

कमी जोखमीच्या बाजूला दोन चांगल्या सोयी आहेत. मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांहून जास्त रक्कम स्वेच्छेने पीएफमध्ये भरता येते आणि तिला पीएफचाच व्याजदर मिळतो. त्यासाठी कंपनीच्या पगार विभागाला कळवावे लागते. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येते. खाते १५ वर्षांचे असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. नोकरी न करणाऱ्या पत्नीच्या नावानेही ते काढता येते, हा त्याचा मोठा गुण. राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, १ मे २००९पासून सर्व नागरिकांना खुली आहे. मात्र तिच्यातल्या पुंजीचा ठरावीक हिस्सा ॲन्युइटी, म्हणजे नियमित रक्कम देणारी योजना, घेण्यात घालावा लागतो.

ही सगळी बचत मुख्यतः मधल्या उचलींनी पोकळ होते. पीएफ म्हणजे घरातला अडीअडचणीचा पैसा, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे: नोकरी बदलली की काढा, स्लॅब पडला की काढा, लग्न ठरले की काढा. ४३व्या वर्षी काढलेले ५ लाख ८ टक्के व्याजाने ५८व्या वर्षी जवळपास १६ लाख झाले असते. नोकरी बदलताना खाते यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, नव्या कंपनीकडे वळवले की व्याज खंडित होत नाही आणि पेन्शनसाठी लागणारी किमान १० वर्षांची सेवाही जुळते. घर किंवा लग्न यांसाठी वेगळी बचत हवी, हे खरे. पण पगार तुटपुंजा असलेल्या घरात ही वेगळी बचत बहुधा होत नाही. अशा घरांना दोष देण्यात काही अर्थ नाही.

निवृत्तीनंतर प्रश्न उलटा होतो: किती काढायचे? अमेरिकेत आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४मध्ये तिथल्या बाजाराच्या आकड्यांवरून पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे महागाईइतकी वाढ करत न्यायची, असा ठोकताळा मांडला. आपली महागाई तिथल्यापेक्षा सहसा चढी, म्हणून तो इथे आंधळेपणाने लावू नये. भारतात नियमित रकमेसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा आधार मोठा आहे: मर्यादा ३० लाख, एप्रिल २०२३पासून दर ८.२ टक्के. पूर्ण रक्कम ठेवली तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात. ६० वर्षे पूर्ण नसली तरी ५५नंतर निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत हे खाते काढता येते. पण व्याज करपात्र आहे आणि ते वाढत नाही. म्हणून पुंजीचा काही भाग निवृत्तीनंतरही महागाईच्या पुढे वाढणाऱ्या गुंतवणुकीत राहिला पाहिजे. नाही तर सत्तरीत पुरणारे पैसे ऐंशीत तोकडे पडतात.

आरोग्य विमा नोकरीतल्या कंपनीच्या पॉलिसीवर सोडू नये. नोकरी संपली की तीही संपते आणि साठीनंतर नवी पॉलिसी महाग मिळते. स्वतःची पॉलिसी चाळिशीतच सुरू केलेली बरी.

शेवटची बाब नामनिर्देशनाची. अविवाहित असताना पीएफमध्ये आईवडिलांचे किंवा भावाचे नाव लिहिलेले असते. लग्न होऊन कुटुंब झाले की ते नामनिर्देशन नियमाने रद्द ठरते, आणि नवे न भरल्यास हक्क सिद्ध करण्याची कागदपत्रे पत्नीला गोळा करावी लागतात. पीएफच्या पोर्टलवर ई-नामांकन आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून भरता येते.