मिठाचा खडा आणि खारी जमीन

आज जेथें जुईनगर आहे त्या ठाणे खाडीच्या पूर्वकांठीं, १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबई वसूं लागण्यापूर्वीं, भातखाचरें व मिठागरें जवळजवळ नांदत होतीं. एकच भरती आगरांत मीठ देई आणि बांध फुटला कीं खाचर नासवी.

आगरांतील खडा निरखून पाहावा. तो फाशासारखा चौरस दिसतो. हा आकार कोणी घडविलेला नसतो. सोडियम व क्लोरीन यांचे विद्युद्भारित कण बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणें एकाआड एक बसतात. पट मात्र खालींवरही पसरलेला, म्हणून प्रत्येक कणास भिन्न जातीचे सहा शेजारी लाभतात. लॉरेन्स ब्रॅग यांनीं ही रचना क्ष-किरणांच्या साह्यानें १९१३ सालीं उलगडली. ती इतकी बळकट कीं मीठ वितळण्यास सुमारें ८०० अंश उष्णता लागते. साधें पाणी मात्र ती सहज मोडतें.

शेतकऱ्याचा लाभ येथेंच आहे. उन्हाळ्यांत खारें पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें, उडून जातें आणि पृष्ठावर पांढरा थर उरतो. खाचर तेव्हां मिठागरच झालेलें असतें! सबब भात कापतांच जमीन नांगरावी, म्हणजे तीं छिद्रें तुटतात. पावसाचें पहिलें पाणी खाचरांत कोंडून ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे सोडावें. बांध नादुरुस्त असल्यास हे सारे श्रम व्यर्थ होत. इतकेंही करून खार उरल्यास पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या ‘पनवेल-३’ सारख्या खार सोसणाऱ्या भाताचें बीं धरावें.