नकारपत्र आल्यानंतर : अपंग सैनिकास वकिलाची मदत

सैन्यांतून घरीं परतलेल्या माणसाच्या नांवें कधीं कधीं एक लहानसें सरकारी पत्र येतें. मजकूर इतकाच असतो कीं, आपणांस जडलेला विकार लष्करी सेवेमुळें उद्भवलेला नाहीं व सेवेमुळें बळावलेलाही नाहीं. सबब अपंगत्वाचें निवृत्तिवेतन मंजूर करतां येत नाहीं. पंधरा-वीस वर्षें हुकूम पाळण्यांत घालविलेला तो माणूस हें पत्रही हुकुमासारखेंच वाचतो, घडी करतो आणि पेटींत ठेवून देतो. आजचें माझें बोलणें या पेटींतल्या पत्राविषयीं आहे. तें पत्र हुकूम नव्हे. तो एक निर्णय आहे, आणि त्यावर दाद मागतां येते. इतकेंच नव्हे, तर ती दाद मागण्यासाठीं अनेकांना सरकारी खर्चानें वकील मिळण्याची तरतूद कायद्यांत आहे. मात्र ती कोणास लागू पडते, हें पुष्कळ घरांतून ठाऊक नसतें.

प्रथम मूळ हक्काचें स्वरूप पाहूं. सेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन-नियमांत दोन अटी सांगितल्या आहेत. अपंगत्व सेवेमुळें आलेलें किंवा सेवेमुळें वाढलेलें असलें पाहिजे, ही पहिली; आणि मेडिकल बोर्डानें तें निदान २० टक्के ठरविलेलें असलें पाहिजे, ही दुसरी. शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते व अपंगत्व कमी असेल त्या मानानें ती घटते. उदाहरणार्थ, शेवटचें वेतन ४०,००० रुपये धरलें, तर शंभर टक्क्यांस १२,००० आणि वीस टक्क्यांस २,४०० रुपये होतात. जुन्या नियमांखालीं येणाऱ्यांस आणखी एक सवलत आहे. पन्नासाहून कमी असलेलें अपंगत्व पन्नास धरावयाचें, आणि म्हणून २,४०० चे ६,००० होतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम अमलांत आले आहेत. त्यानंतर सेवेंतून निघालेल्यांचा हिशेब त्या नियमांप्रमाणें होतो. तेव्हां सेवा सोडल्याची तारीख ही पहिली पाहावयाची गोष्ट होय.

पुष्कळ अर्ज पहिल्या अटीवर अडतात. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, मनाचे विकार यांविषयीं बोर्ड लिहितें कीं, सेवेशीं संबंध नाहीं. येथें १९८२ चे पात्रता-नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग खटल्यांतील निकाल लक्षांत ठेवण्यासारखा आहे. हा जवान १९८५ मध्यें सिग्नल्स दलांत भरती झाला. सुमारें नऊ वर्षें सेवा झाल्यावर अपस्मारामुळें त्याला वीस टक्के अपंगत्वासह घरीं पाठविण्यांत आलें आणि निवृत्तिवेतन नाकारण्यांत आलें. न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत असें : भरतीच्या वेळीं तपासणी करून ज्याच्या कागदावर कोणत्याही रोगाची नोंद केली नाहीं, तो त्या वेळीं निरोगी होता असें समजलें पाहिजे. पुढें प्रकृति बिघडली, तर ती सेवेमुळें बिघडली असें गृहीत धरावें. तसें नाहीं असें म्हणणाऱ्यानें कारणें द्यावींत. पुराव्याचा भार सैनिकावर नाहीं, आणि संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे. सारांश, कारण न देतां लिहिलेला "संबंध नाहीं" हा शेरा निर्णायक ठरत नाहीं.

आतां दाद मागण्याच्या पायऱ्या. नकारपत्रानंतर पहिलें अपील खात्याच्या प्रथम अपील समितीकडे करावयाचें असतें. तेंही फेटाळलें गेलें तर दुसरें अपील दुसऱ्या समितीकडे. त्यासाठीं मुदत असते, व ती सामान्यतः सहा महिन्यांची असते. यानंतरची पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाची. हें न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानें स्थापन झालें व त्याचें काम २००९ मध्यें सुरू झालें. त्याचें एक खंडपीठ मुंबईस आहे. निवृत्त सैनिकाला तो राहतो त्या प्रदेशाच्या खंडपीठाकडे अर्ज करतां येतो. साताऱ्याच्या किंवा कोल्हापुराच्या माणसानें दिल्लीस जाण्याचें कारण नाहीं. खात्यांतले उपाय संपल्यावांचून न्यायाधिकरण सहसा अर्ज घेत नाहीं. शेवटच्या निर्णयापासून सहा महिन्यांत तेथें जावें लागतें. उशिराचें कारण पटलें तर तो माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे.

पहिलें अपील माणूस स्वतः लिहूं शकतो. पण वैद्यकीय अहवालांतील उणीव दाखविणें आणि पूर्वीच्या निकालांचा आधार देणें हें जाणत्याचें काम आहे, आणि न्यायाधिकरणांत तर समोर सरकारचे वकील उभे असतात. म्हणून वकिलाचा प्रश्न येतो.

१९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याचें बारावें कलम मोफत मदतीचे हक्कदार सांगतें. आपल्या विषयापुरते त्यांतले चार वर्ग महत्त्वाचे आहेत. अनुसूचित जाति किंवा जमातीची व्यक्ति हा पहिला. कोणतीही स्त्री हा दुसरा. अपंग, म्हणजे आज ज्यांना दिव्यांग म्हणतात ती व्यक्ति, हा तिसरा. ज्याचें वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेहून कमी आहे तो चौथा. महाराष्ट्रांत ही मर्यादा ३ लाख रुपये आहे, आणि सर्वोच्च न्यायालयांतील कामासाठीं ५ लाख.

या चार वर्गांविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. "आमची पेन्शन मर्यादेच्या वर जाते, तेव्हां आम्हांला वकील मिळणार नाहीं," असें म्हणून माणसें दारावरूनच परततात. परंतु उत्पन्नाची अट केवळ चौथ्या वर्गास आहे. पहिल्या तिघांस ती लागूच नाहीं. दिवंगत सैनिकाची पत्नी आपल्या पतीच्या राहिलेल्या हक्कासाठीं झगडत असेल, तर ती स्त्री आहे एवढेंच पुरे. सैनिक स्वतः दिव्यांग असेल, तर त्यानेंही उत्पन्नाचा हिशेब मांडण्याची गरज नाहीं. मात्र एक भेद ध्यानांत असावा. लष्करी मेडिकल बोर्डाचा कागद हा निवृत्तिवेतनासाठीं असतो. नागरी रुग्णालयांतून मिळणारें दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. मोफत वकील मागतांना हें दुसरें प्रमाणपत्र जवळ असलें म्हणजे वाद उरत नाहीं.

याच कायद्याच्या तेराव्या कलमांत आणखी एक कसोटी आहे. प्रकरण चालविण्याजोगें आहे, असें प्राधिकरणाला सकृद्दर्शनीं पटलें पाहिजे. येथें भावनेचा उपयोग नाहीं, कागद बोलले पाहिजेत. नकारपत्राची प्रत, सेवा सोडल्याचें पुस्तक, मेडिकल बोर्डाचे कागद, भरतीच्या वेळच्या तपासणीची नोंद, कोणकोणत्या ठाण्यांवर नेमणूक झाली त्याची यादी आणि केलेल्या अपिलांच्या पोंचपावत्या, एवढें एका फाइलींत लावून ठेवावें. बोर्डाचे कागद हातीं नसतील तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं रेकॉर्ड ऑफिसकडून मागवितां येतात. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या जवानाचें रेकॉर्ड ऑफिस बेळगांवीं आहे. इतरांनीं आपापल्या दलाचें पाहावें.

अर्ज कोठें करावा? प्रत्येक जिल्ह्यांत न्यायालयाच्या आवारांत जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. साधा अर्ज, आणि उत्पन्नाच्या वर्गांत येत असल्यास उत्पन्नाचें प्रतिज्ञापत्र, एवढ्यानें काम सुरू होतें. १५१०० या दूरध्वनि क्रमांकावरही चौकशी करतां येते. सैनिकांना आणखी जवळचें ठिकाण म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. २६ जुलै २०२५ रोजीं, कारगिल विजय दिनीं, राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणानें 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक मंडळांच्या कचेऱ्यांतूनच कायद्याचा सल्ला मिळावा, असा तिचा हेतु आहे. कायद्यानें 'मदत' या शब्दांत केवळ खटला चालविणें नव्हे, तर सल्ला देणें हेंही धरलें आहे. म्हणून पहिलें अपील लिहिण्यापूर्वींच तेथें जावें. सर्व दारें बंद झाल्यावर जाऊं नये.

एक इशारा देणें अवश्य आहे. "थकबाकी मिळवून देतों, त्यांतले इतके टक्के आमचे," असें सांगणारे लोक भेटतात. भारतांत वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवितां येत नाहीं. बार कौन्सिलच्या नियमांनीं तें वर्ज्य आहे. प्राधिकरणानें नेमलेल्या वकिलाला तर अर्जदाराकडून फी मागण्याचाच अधिकार नाहीं. टक्केवारी मागणारा मनुष्य एकतर वकील नव्हे, किंवा तो आपल्या धर्मास सोडून वागत आहे.

ज्यांना या चारांपैकीं कोणताच वर्ग लागू पडत नाहीं, त्यांनीं आपल्या खर्चानें वकील करावा. पण त्यापूर्वीं सल्ल्यासाठीं सैनिक कल्याण कार्यालयांत अवश्य जावें. मात्र कोणीही स्वस्थ बसूं नये. २००८ मध्यें तरसेम सिंग यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, दर महिन्याचें निवृत्तिवेतन बुडणें हा चालू राहणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाहीं. परंतु मागील थकबाकी सामान्यतः दावा करण्यापूर्वींच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. याचा अर्थ सरळ आहे. दहा वर्षें पत्र पेटींत राहिलें, तर पुढचें निवृत्तिवेतन मिळूं शकेल. मागचीं सात वर्षें मात्र बहुधा गेलीं.

आपल्या ओळखींत, शेजारांत, कदाचित् आपल्याच घरीं असा एखादा माजी सैनिक असेल. तो स्वतः होऊन बोलणार नाहीं. तक्रार करणें त्याच्या अंगवळणीं पडलेलें नसतें. तेव्हां आपणच विचारावें, "काका, तें पत्र दाखवितां का?" पत्रावरची तारीख वाचावी, सहा महिने मोजावे, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत जावें.