तुमचा कॅप्टन कोण?

गावसकर मोठे की तेंडुलकर? हा वाद तुमच्या घरात कधी ना कधी झालाच असेल. आजोबा म्हणतात, "हेल्मेट न घालता वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उभं राहून दाखवा, मग बोला!" बाबा १९९८ च्या शारजाची आणि तिथल्या वाळूच्या वादळाची आठवण काढतात. तुम्ही हळूच कोहलीचं नाव घेतलंत, की दोघेही मिळून तुमच्यावर तुटून पडतात. ताटातली भाकरी गार होते, आई वैतागते, पण वाद काही मिटत नाही.

दोस्तांनो, असाच एक न मिटणारा वाद अमेरिकेत गेली कितीतरी वर्षं चालू आहे. तिथंही आजोबांचा कॅप्टन वेगळा, बाबांचा वेगळा आणि नातवंडांचा वेगळा. गंमत म्हणजे ज्यांच्यावरून ही भांडणं होतात, ते कॅप्टन अजून जन्मलेलेच नाहीत! ते आहेत तेविसाव्या आणि चोविसाव्या शतकातले, 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेतले.

८ सप्टेंबर १९६६ या दिवशी अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग दाखवला गेला. जीन रॉडनबेरी या लेखकाची ही कल्पना. 'एंटरप्राइज' नावाचं एक अंतराळयान अनोळखी ग्रह शोधत हिंडतं आणि दर आठवड्याला नव्या संकटात सापडतं, एवढीच गोष्ट. पण या एका मालिकेला पुढे इतक्या फांद्या फुटल्या, की प्रत्येक पिढीला आपापलं यान आणि आपापला कॅप्टन मिळाला. आपल्याकडेही १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका दाखवली गेली होती. तुमच्या आईबाबांना विचारून बघा, टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक त्यांना नक्की आठवेल.

चार कॅप्टन, चार तऱ्हा

पहिला कॅप्टन जेम्स कर्क. हे काम विल्यम शॅटनरनं केलं. कर्क म्हणजे धडाडी. १९६६ च्या एका भागात एक प्रचंड परकं यान एंटरप्राइजची वाट अडवतं आणि दहा मिनिटांत तुम्हाला नष्ट करू, असा दम देतं. पळायची सोय नाही, लढायची ताकद नाही. स्पॉकला वाटतं, बुद्धिबळात मात झाली की डाव संपतो, तसा हा डाव संपला. कर्क म्हणतो, बुद्धिबळ कशाला, आपण पत्त्यांचा डाव खेळू! मग तो शत्रूला बिनधास्त एक थाप मारतो. आमच्या यानात असा एक पदार्थ आहे, की जो आमच्यावर हल्ला करील तोही आमच्याबरोबर नष्ट होईल. थाप पचते! पण खरी कमाल पुढेच आहे. थोड्या वेळानं तोच शत्रू अडचणीत सापडल्याचं दिसतं, तेव्हा कर्क पळून जात नाही. तो मदतीला जातो.

दुसरा कॅप्टन ज्याँ-लूक पिकार्ड. त्याची मालिका १९८७ ते १९९४ या काळातली आणि नट पॅट्रिक स्ट्युअर्ट. पिकार्ड चहा पिणारा, पुस्तकं वाचणारा, आधी बोलणारा आणि मगच बंदुकीला हात घालणारा. १९९१ च्या 'डारमॉक' या भागात त्याची गाठ अशा लोकांशी पडते, की ज्यांचे शब्द कळतात पण अर्थ मुळीच लागत नाही. कारण ते सगळं काही आपल्या पुराणकथांच्या आधारानं बोलतात. समजा, मदत मागायची असेल तर एखादा नुसतं "द्रौपदी सभेत" एवढंच म्हणाला, आणि संकटात सापडलो हे सांगायला "अभिमन्यू चक्रव्यूहात" म्हणाला. महाभारत ठाऊक नसलेल्या माणसाला काय समजणार? पिकार्ड हळूहळू ते कोडं सोडवतो आणि जखमी होऊन मरणाच्या दारात असलेल्या त्या परक्या कॅप्टनला आपल्या पृथ्वीवरची एक प्राचीन गोष्ट सांगत बसतो. या भागाची आठवण निघाली, की पिकार्डचे चाहते बाकीच्यांना बोलूच देत नाहीत!

तिसरा बेंजामिन सिस्को (१९९३ ते १९९९). हा कुठं हिंडत नाही. एका अंतराळ स्थानकाचा तो प्रमुख आहे, आणि एका मुलाचा बापही. पत्नी युद्धात गेलेली, मुलाला त्यानं एकट्यानं वाढवलंय. १९९८ च्या एका भागात युद्ध हरण्याची वेळ आलेली असते आणि शेजारच्या बलाढ्य राज्याला आपल्या बाजूला ओढण्यासाठी सिस्को खोटा पुरावा तयार करवतो. त्यातून खून होतात, पण युद्धाचं पारडं फिरतं. त्यानं केलं ते बरोबर की चूक? चाहते अजून भांडताहेत.

चौथी कॅप्टन कॅथरिन जेनवे (१९९५ ते २००१). एखाद्या 'स्टार ट्रेक' मालिकेची प्रमुख झालेली ही पहिली स्त्री कॅप्टन. तिचं 'व्हॉयेजर' यान एका फटक्यात सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं. घरी पोचायला लागणार सुमारे पंचाहत्तर वर्षं! एवढ्या लांब मदतीला कुणी नाही, वरिष्ठांना विचारायची सोय नाही. प्रत्येक निर्णय तिचा, आणि त्याचं ओझंही तिचंच.

कॅप्टननं प्रेमात पडावं का?

कॅप्टनवरून वाद झाला, की पाठोपाठ प्रेमाचा विषय निघतोच. रायकर आणि ट्रॉय यांचं लग्न व्हायला उशीर का झाला? (ते अखेर २००२ च्या चित्रपटात झालं!) जेनवे आणि तिचा मदतनीस चकोटे यांचं जुळायला हवं होतं की नको होतं? यावर चाहत्यांनी हजारो पानं लिहून काढली आहेत.

यातली एक प्रेमकथा आपल्या मुंबईपर्यंत पोचते, बरं का! १९७९ साली 'स्टार ट्रेक'चा पहिला मोठा चित्रपट आला. त्यात इलिया नावाच्या परग्रहवासी तरुणीचं काम केलं होतं मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी. १९६५ च्या या 'मिस इंडिया'नं भूमिकेसाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. त्या चित्रपटात डेकर नावाचा तरुण अधिकारी एंटरप्राइजचा कॅप्टन झालेला असतो, पण कर्क परत येऊन त्याची खुर्ची घेतो. या डेकरचं इलियावर प्रेम असतं, आणि शेवटी तो खुर्चीची नव्हे, तिची वाट धरतो.

पण सगळ्यांत गाजलेली प्रेमकथा आहे ती १९६७ च्या एका भागातली. नाव 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'. यानावरचे डॉक्टर मॅकॉय चुकून टोचल्या गेलेल्या औषधानं भ्रमिष्ट होतात आणि काळाच्या दरवाजातून भूतकाळात उडी घेतात. त्याबरोबर इतिहास बदलतो आणि एंटरप्राइज यानच नाहीसं होतं! त्यांना शोधत कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यू यॉर्कमध्ये पोचतात. तिथं ईडिथ कीलर नावाची तरुणी गोरगरिबांना जेवू घालत असते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. आणि मग स्पॉकला उमगतं, की मूळ इतिहासात ईडिथ रस्त्यावरच्या अपघातात मरण पावली होती. ती जगली, तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उतरायला उशीर करील आणि हिटलरची जर्मनी दुसरं महायुद्ध जिंकेल.

ईडिथ रस्ता ओलांडते. समोरून गाडी येते. मॅकॉय तिला वाचवायला धावतात, आणि कर्क त्यांना घट्ट धरून ठेवतो.

ईडिथ वाईट होती म्हणून नाही, ती चांगली होती. तिचा शांततेचा विचारही खरा होता, फक्त त्याची वेळ चुकीची होती. हा भाग पाहून कुणी म्हणतं, कर्क खरा कॅप्टन. कुणी म्हणतं, मी असतो तर तिला वाचवलंच असतं, मग जगाचं काहीही होवो. तुम्ही काय केलं असतंत?

सर्वांत आवडता भाग

या यादीत पुढे असतो १९९२ चा 'द इनर लाइट'. पिकार्ड बेशुद्ध पडतो, जागा होतो तो एका अनोळखी ग्रहावर. तिथं त्याला बायको असते, मुलं होतात, नातू होतो. तो बासरी शिकतो, म्हातारा होतो. त्या ग्रहाचा सूर्य त्याला जाळणार असतो आणि तिथल्या माणसांना कसलाच उपाय उरलेला नसतो. मग कळतं, की यानावर जेमतेम पंचवीस मिनिटंच गेलीत. हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या त्या लोकांनी आपली आठवण कुणीतरी ठेवावी, म्हणून हे सगळं योजलेलं असतं. पिकार्डच्या हाती उरते फक्त ती बासरी, आणि वाजवण्याची कला. या भागाला विज्ञानकथांचा मानाचा 'ह्यूगो' पुरस्कार १९९३ मध्ये मिळाला. ईडिथच्या भागालाही १९६८ मध्ये तो मिळाला होता.

आणि ज्यांना रडू नको असतं, ते १९६७ चा ट्रिबलांचा भाग सांगतात. हे केसाळ, गोंडस गोळे एवढी पिल्लं घालतात, की यानात पाय ठेवायला जागा उरत नाही!

भांडणारे एक झाले तेव्हा

आता तुम्ही म्हणाल, की काल्पनिक कॅप्टनवरून भांडायचं, हा रिकामटेकडा उद्योग नव्हे का? थांबा, पुढचं ऐका.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ही मालिका बंद होणार, अशी बातमी पसरली. तेव्हा ब्यो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्यानं देशभरातल्या प्रेक्षकांना पत्रं लिहायचं आवाहन केलं. एनबीसी या वाहिनीकडे लाखाहून अधिक पत्रं येऊन पडली. जानेवारी १९६८ मध्ये कॅल्टेक या नामवंत विज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी वाहिनीवर मशालींसह मोर्चा नेला! अखेर १ मार्च १९६८ रोजी वाहिनीनं जाहीर केलं, की मालिका चालू राहील. तिसरं वर्ष पदरात पडलं. १९६९ मध्ये एकोणऐंशी भागांनंतर ती बंद झाली खरी, पण पुनःप्रक्षेपणातून नवे चाहते वाढतच गेले. १९७२ मध्ये न्यू यॉर्कला त्यांचा मेळावा भरला, तेव्हा आयोजकांना काही शेकडा लोक येतील असं वाटलं होतं, आले हजारोंनी! १९७६ मध्ये तर चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'एंटरप्राइज' ठेवण्यात आलं. हे शटल चाचण्यांसाठीच बनवलेलं होतं, ते अंतराळात कधी गेलं नाही. पण नाव मात्र कायमचं राहिलं.

आणखी एका चाहत्याची गोष्ट. यानावर संदेशवहनाचं काम पाहणारी उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी होती. ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायचं ठरवलं होतं. त्या नेहमी सांगत, की त्याच सुमारास एका समारंभात आपल्याला एक चाहता भेटला. ते होते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग! आपली मुलं ही मालिका बघतात, असं सांगून त्यांनी निकोल्सना आग्रह केला, की सोडू नका. आपल्या समाजातली एक स्त्री इतरांच्या बरोबरीनं, मानानं काम करताना लोकांना दिसते आहे, हे महत्त्वाचं आहे. निकोल्स थांबल्या. त्या मालिकेपुढे बसणाऱ्या मुलींमध्ये एक होती मे जेमिसन. सप्टेंबर १९९२ मध्ये ती अंतराळात गेली. असा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. तिथं ती कामाची पाळी सुरू करताना उहुराचं ठरलेलं वाक्य म्हणत असे. तिला कॅप्टनच्या खुर्चीत बसलेला कर्क नव्हे, त्याच्या मागे बसलेली उहुरा आपली वाटली होती.

आज रात्री जेवताना

तर दोस्तांनो, आज जेवताना घरातल्या सगळ्यांपुढे हा प्रश्न ठेवा. तो जेनवेच्या १९९६ च्या 'टूविक्स' या भागातला आहे.

यानावरचा अधिकारी टूव्हॉक आणि स्वयंपाकी नीलिक्स एका अपघातात एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांच्यातून एक तिसराच माणूस तयार होतो. हा टूविक्स हुशार आहे, प्रेमळ आहे, सगळ्यांचा मित्र झाला आहे. काही दिवसांनी दोघांना पुन्हा वेगळं करायची युक्ती सापडते. पण तसं केलं तर टूविक्स मरणार. तो विनवतो, "मला जगायचंय!" डॉक्टर नकार देतात, कुणाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव मी घेणार नाही म्हणतात. तेव्हा जेनवे स्वतः ते काम करते. दोघे परत येतात. ती बाहेर पडते.

तिचं बरोबर की चूक? वाद घाला, पण तीन अटी आहेत. नुसतं "मला वाटतं" चालणार नाही, "कारण" सांगायचं. आपल्या कॅप्टनची एक चूक कबूल करायची. आणि समोरच्याच्या कॅप्टनचा एक गुण मोठ्यानं सांगायचा. आजोबांनाही सूट नाही!

वाद संपेल तेव्हा कर्क जिंकला की जेनवे, याला फारसं महत्त्व उरणार नाही. उद्या तुमच्या पुढ्यात खरा अवघड निर्णय आला, की आपण धडाडीनं उडी घेतो, आधी बोलून बघतो, की ओझं एकट्यानं उचलतो, हे मात्र तुम्हाला थोडंफार कळलेलं असेल. आणि समोर बसलेल्या आपल्या माणसांचंही.

फक्त भाकरी गार होऊ देऊ नका!