घर फुटल्यावर ऐकू येणाऱ्या काही गोष्टी

घरफोडी झाली की शेजारीपाजारी धीर द्यायला म्हणतात, "आता काळजी नको, चोर एकाच घरात दोनदा येत नाही." येतो. गुन्ह्यांच्या अभ्यासकांना अनेक देशांत हेच आढळलंय, की फुटलेलं घर आणि त्याच्या लगतची घरं पुढचे काही आठवडे जास्त धोक्यात असतात. आत शिरायची वाट माहीत झालेली असते, आणि गेलेल्या वस्तू मालक नव्या आणणार हेही चोराला कळतं. इंग्लंडात रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात आधी फुटलेल्या घरांचाच बंदोबस्त केला, लगतच्या शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि घरफोड्या झपाट्याने घटल्या. तेव्हा दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

दुरुस्ती म्हटलं की लोक महागडं कुलूप आणतात. पण आपल्याकडे फुटतो तो कडी-कोयंडा. कुलूप बऱ्याचदा शाबूत असतं, लावलेलंच. त्याच्यासकट कोयंडा चौकटीतून उपटून आलेला असतो. अर्ध्या इंचाचे स्क्रू आणि पावसाने भुसभुशीत झालेलं लाकूड, तिथे कितीही भारी कुलूप काय करणार? आधी चौकट पाहा, कोयंडा आरपार नटबोल्टने बसवून घ्या. बाहेर लोंबणारं कुलूप तर 'घरात कोणी नाही' अशी पाटीच. त्यापेक्षा दाराच्या आत बसणारं कुलूप बरं. कॅमेरे जरूर लावा, पण डीव्हीआर टीव्हीखाली ठेवलात तर चोर तोही घेऊन जातो.

आवराआवर मात्र पंचनामा होईपर्यंत नको. विस्कटलेलं कपाट बघवत नाही हे खरं, पण त्याच्यावरच ठसे असतात. ११२ला फोन करा आणि बाहेर थांबा.

'आमची हद्द नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत सही करावी लागते.

'सापडलेले दागिने खटला संपेपर्यंत कोर्टातच अडकतात,' ही भीतीही अर्धवट आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पंचनामा करून, फोटो काढून आणि हमी घेऊन असा ऐवज मालकाला लवकर परत द्यावा. अर्ज तुम्हाला करावा लागतो, आणि दागिना तुमचाच आहे हे पावतीने किंवा लग्नातल्या फोटोने दाखवावं लागतं.

घराचा विमा असेल तर आणखी एक. घरफोडीच्या पॉलिसीत सहसा जबरदस्तीने आत शिरल्याचा पुरावा मागतात. सुतार आला की तुटलेला कोयंडा त्याच्या पिशवीत जाऊ देऊ नका. विम्याचा माणूस पाहून जाईपर्यंत जपून ठेवा.