माळ्यावरचा आवाज

स्मरणिकेसाठी आठवणी पाठविण्याचे आवाहन केल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील अनेकांच्या शेवटी एकच प्रश्न होता : तो आवाज अखेर कशाचा निघाला? त्या हिवाळ्यात जे विद्यार्थी शाळा सोडून गेले, त्यांच्यापर्यंत उत्तर पोहोचलेच नाही; काहींपर्यंत पोहोचले ते भलतेच. त्या वर्षी वसतिगृहात मुक्कामास असलेले आम्ही तिघे शिक्षक म्हणूनच हा वृत्तान्त येथे नोंदवीत आहोत.

जुने वसतिगृह ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती कवेलूंची लांबट इमारत आठवत असेल. एका टोकाला लहान मुलांची खोली, तिला लागून ग्रंथालय, मागे धान्याची कोठी, पलीकडे विहीर आणि चिंच. दिवाळीची सुट्टी संपवून मुले परतली आणि आठवडाभरातच पाचवीतील मुले रात्री उठून मोठ्या मुलांच्या खोलीत जाऊन निजू लागली. विचारले असता म्हणाली, "सर, विहिरीजवळ कोणीतरी घोरतंय."

सायंकाळची वंदना आटोपून दिवे मालवले, की अर्ध्या-पाऊण तासात तो आवाज सुरू होई. खरखरीत, ओढलेला, श्वासासारखा. थोडा थांबे, पुन्हा येई. मधूनच एखादी कर्कश किंकाळी उठे आणि सगळी खोली अंथरुणावर उठून बसे. रखवालदारकाकांच्या मते ती भालू होती, आणि भालू ओरडली की गावात काहीतरी वाईट घडते. स्वयंपाकघरातील मावशी कोठीखाली नाग असल्याचे सांगत; जुनी इमारत म्हटली की गुप्तधन आणि त्यावर नाग हे ओघाने आलेच. आम्ही स्वतः पहिले काही दिवस "मांजर असेल" एवढे बोलून मोकळे झालो होतो. ते उत्तरही तपासलेले नव्हते, ही आमची चूक.

एका सकाळी पाचवीतील एका मुलाची आजी दारात उभी राहिली. "गुरुजी, पोराले चार रोज घरी नेतो. तिकडे झोपते तरी," एवढेच ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. दुसऱ्या एका पालकाने मांत्रिक आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याचा खर्चही देऊ केला. त्यांना नकार देणे सोपे होते. पण नकार दिल्याने मुलांना झोप लागणार नव्हती. ज्याला भीती वाटते त्याला "भिऊ नकोस" म्हणणे म्हणजे त्याने जे ऐकले ते ऐकलेच नाही असे म्हणण्यासारखे आहे, आणि मुलांनी तर खरोखरच ऐकले होते.

तेव्हा आम्ही प्रत्येक मुलाला एकेक कागद दिला. आपापसात न बोलता लिहायचे : काय ऐकले, किती वाजता, कोणत्या दिशेने. कोणी म्हातारा घोरतो असे लिहिले, कोणी नागाचा फूत्कार, कोणी बाळाचे रडणे, कोणी बाई ओरडते असे. प्रथमदर्शनी हे कागद निरुपयोगी वाटले. वेळा एकाखाली एक मांडल्यावर मात्र दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही, की आवाज एक नव्हता, दोन होते. घोरणे एकाच जागचे होते आणि ते पहाटेपर्यंत चाले. किंकाळी मात्र कधी चिंचेकडून, कधी विहिरीवरून, कधी थेट छपरावरून येई. म्हणजे किंचाळणारे जे काही होते ते फिरत होते. दुसरी गोष्ट एका सहावीच्या मुलाच्या टिपणात होती : "किंकाळीनंतर घोरणे खूप वाढते आणि मग एकदम थांबते." या एका ओळीचे मोल आम्हांला नंतर कळले.

मग एकेक नाव वगळत गेलो. कोल्हे ओरडतात ते बहुधा समूहाने; एकाने सुरुवात केली की दुसरे साथ देतात आणि काही वेळात सारे शांत होते. रात्रभर एका लयीत ते ओरडत नाहीत. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा असतो, पण बिबट्या छपरावरून चिंचेवर आणि चिंचेवरून विहिरीवर पाच मिनिटांत फिरत नाही. रातवा पक्षी 'चक्‌-चक्‌-चक्‌' असे ठोके देत बसतो, टिटवीचे ओरडणे मुलांच्या ओळखीचे होते, आणि पिंगळ्याची किचकिच तर आमच्या चिंचेवर रोजचीच. नाग फूत्कारतो तो धोका जाणवल्यावर. तासन्‌तास, दर काही सेकंदांनी, कोणी जवळ नसताना तो फूत्कारत राहत नाही. बोके माजावर येऊन लढतात तेव्हा तान्ह्या बाळासारखे रडतात हे खरे, परंतु तो गोंधळ रोज ठरावीक वेळी सुरू होत नाही.

दिशेचा प्रश्न अधिक अवघड ठरला. रात्री कान फसतात, आणि त्याला कारण आहे. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा लवकर थंड होते, वरची त्या मानाने उबदार राहते. ध्वनी उबदार हवेत अधिक वेगाने जातो, म्हणून वर गेलेल्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. दिवसा विरून जाणारा आवाज त्यामुळे रात्री दूरवर पोहोचतो. शिवाय दिवसाचा गलबला थांबलेला असतो. माणूस डावी-उजवी बाजू बरी ओळखतो, कारण आवाज एका कानाशी किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. वर-खाली ओळखण्यात मात्र आपण कच्चे आहोत. आमच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. आवाज डोक्यावर होता आणि तो विहिरीच्या भिंतीवर आदळून परत येत असल्याने सगळी मुले विहिरीकडे बोट दाखवीत होती.

यावर उपाय अगदी साधा केला. अंगणाच्या तीन कोपऱ्यांत आम्ही तिघे उभे राहिलो. डोळे मिटून, तळहात कानांमागे धरून आवाज ऐकायचा आणि ज्या बाजूने तो येतो त्या रेषेत काठी जमिनीवर ठेवायची. सकाळी मुलांनी त्या काठ्यांच्या रेषा सुतळीने पुढे वाढविल्या. तिन्ही रेषा विहिरीपासून बऱ्याच अलीकडे, ग्रंथालयाच्या त्रिकोणी भिंतीपाशी एकमेकींना छेदत होत्या. तेथे वर एक झरोका होता आणि त्याची जाळी केव्हाच निखळलेली होती.

झरोक्याखालच्या भिंतीवर चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ होते. खाली गवतात अंगठ्याएवढ्या, काळपट, वाळलेल्या गोळ्या पडलेल्या. मुलांना ती विष्ठा वाटली. आम्ही त्यांतील काही गोळ्या काडीने उचलून पाण्यात भिजविल्या आणि वर्तमानपत्रावर उलगडल्या. आत राखी केस आणि त्यांत गुंडाळलेली लहान-लहान हाडे : बरगड्या, जबडे, संपूर्ण कवट्या. छिन्नीसारखे पुढचे दात असलेल्या उंदरांच्या, आणि टोकदार दातांच्या निमुळत्या कवट्या चिचुंद्र्यांच्या. घुबड भक्ष्य बहुधा सबंध गिळते. जे पचत नाही ते केस आणि हाडे गोळी करून तोंडावाटे टाकते. जीवशास्त्राचा तास त्या दिवशी व्हरांड्यातच झाला. (हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू दिले नाही, हेही नोंदवावयास हवे.)

त्या संध्याकाळी सगळी शाळा अंगणात गप्प बसली. अंधार दाटत असताना झरोक्यात एक पांढरा, हृदयाच्या आकाराचा चेहरा दिसला. क्षणभर तो तेथे थांबला, मग पंख पसरून आमच्या डोक्यांवरून कोठीकडे गेला. पंखांचा जरासाही आवाज झाला नाही. त्यानंतर चिंचेकडून ती किंकाळी आली आणि प्रथमच कोणी दचकले नाही.

ते गव्हाणी घुबड होते. आपल्याकडे त्याला कोठीचे पाखरू असेही म्हणतात; धान्याची कोठी तेथे उंदीर आणि उंदीर तेथे ते, असा तो संबंध आहे. हे घुबड घूत्कार करीत नाही, किंचाळते. आणि घोरत होती ती त्याची पिल्ले. भारतीय उपखंडातील या घुबडाच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी 'स्टर्टेन्स' हे नाव दिलेले आहे. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'घोरणारा' असा होतो. आमच्या पाचवीच्या मुलांनी लॅटिन न शिकता तेच नाव ठेवले होते.

मादी अंडी एकदम घालीत नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते, आणि पहिल्या अंड्यापासूनच उबविण्यास बसते. म्हणून पिल्ले लहान-मोठी असतात. आई-बाप दूर असतानाही ती घोरत का राहतात, याचा अभ्यास स्वित्झर्लंडमधील अलेक्झांडर रूलँ यांनी केला आहे. त्यांच्या निरीक्षणानुसार तो आवाज एकमेकांसाठी असतो. अधिक भुकेले पिल्लू अधिक वेळा ओरडते, आणि त्याचे ओरडणे ऐकून कमी भुकेली भावंडे आवाज आवरतात. पुढचा उंदीर कोणाचा हे पालक येण्यापूर्वीच बहुतांशी ठरते. पालक आला की मात्र एकच कल्ला होतो. सहावीच्या मुलाची ती ओळ आता उलगडली. किंकाळी म्हणजे परतणारा पालक, नंतर वाढणारे घोरणे म्हणजे मागणी आणि एकदम पसरणारी शांतता म्हणजे घास मिळाला. भोजनगृहातील आमच्या रांगेशी याची तुलना मुलांनीच केली, आम्ही नव्हे.

ज्या बाबतीत आपण कच्चे, त्यात हा पक्षी निष्णात असतो. त्याचे दोन कान समपातळीत नसतात, एक किंचित वर आणि एक किंचित खाली. त्यामुळे आवाज किती उंचीवरून आला हेही त्याला कळते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत या घुबडाला उंदीर पकडताना पारखले. वाळल्या पानांतून दोरीने ओढलेल्या कागदाच्या बोळ्यावरही त्याने अचूक झेप घेतली. म्हणजे वास नव्हे, ऊब नव्हे, केवळ सळसळ. पंखांच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असतात आणि पिसांवर मखमली लव असते, त्यामुळे त्याचे स्वतःचे उडणे भक्ष्याला ऐकू जात नाही आणि त्याच्या कानांनाही अडथळा करीत नाही.

कोडे सुटले, पण पेच सुटला नाही. नागाला कोणी हात लावला नसता. घुबड म्हटल्यावर मात्र काहींना काठी आठवली. अशुभ पक्षी शाळेत नको, घरटे काढून टाका, असे सांगणारे लोक आले. त्याहून वाईट म्हणजे जादूटोण्यासाठी घुबडे विकत घेणारे लोक असतात आणि दिवाळीच्या सुमारास हा चोरटा व्यापार वाढतो. एक अनोळखी गृहस्थ "पिल्ले किती आहेत?" अशी चौकशी करून गेला, तेव्हा आम्ही वनरक्षकांना बोलाविले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घुबड पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे, हे त्यांनी गावातील चार माणसांसमोर स्पष्ट सांगितले. पाचवीची मुले तात्पुरती दुसऱ्या खोलीत हलविली. अंड्यातून बाहेर पडल्यापासून पिल्ले उडू लागेपर्यंत साधारण दोन महिने लागतात, तेवढे थांबायचे ठरले. कोठीवाल्या मावशींचा विरोध सर्वांत आधी मावळला. त्यांनी गोळ्यांतील कवट्या मोजून पाहिल्या होत्या.

सर्वांत धाकटे पिल्लू एकदा झरोक्यातून खाली पडले. अंगणात ते डोलत, फुत्कारत उभे होते आणि मुले गोल करून पाहत होती. वनरक्षकांनी शिडी लावून ते परत ठेवले. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात हा समज खरा नाही. त्या रात्री घोरणाऱ्यांत तेही होते.

आजीबरोबर गेलेला मुलगा चार दिवसांचे आठ करून परतला. त्याला आम्ही नोंदवही दिली : रोज रात्री आवाज किती वाजता सुरू झाला, किती वेळा किंकाळी आली, केव्हा थांबला. त्याचे अक्षर सुरुवातीला फार वाईट आहे, पुढे सुधारत गेले आहे. जानेवारीअखेर घोरणे कमी होत गेल्याचे त्याने लिहिले आहे, आणि फेब्रुवारीतील एका पानावर फक्त एवढेच : "आज आवाज आला नाही. झोप लागली नाही."

ती वही नव्या ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर आहे. मेळाव्याला येणाऱ्यांनी ती मागून घ्यावी.