माणूस गावात, मोजणी मुंबईत

मे २०२० मध्ये चाकरमानी मुंबईहून कोकणात उतरू लागले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषद शाळांचे वर्ग बघता बघता विलगीकरण कक्ष झाले. बाकं व्हरांड्यात रचली गेली. मुलांसाठी बांधलेल्या शौचालयांना मोठ्या माणसांचा वापर झेपेना. उन्हाळ्यात आधीच ओढगस्तीवर असलेली नळयोजना आणखी ताणली गेली. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृती दलं नेमली गेली. सोडियम हायपोक्लोराइट, फवारणी पंप, आशा सेविकांसाठी मास्क, थर्मल गन, ऑक्सिमीटर, कक्षावर रात्रीचं माणूस, हे सारं गावाने उभं करायचं होतं. आदेश वरून त्याच दिवशी येत होते. पैशाला मात्र नेहमीचीच वाट चालायची होती.

त्या वर्षी छोट्या गावाच्या तिजोरीत काय होतं, हे आधी पाहायला हवं. ग्रामपंचायतीची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडे बाजाराची वसुली आणि कुठे जत्रा-यात्रेचा कर. घरपट्टीच्या वसुलीला खरा जोर येतो तो आर्थिक वर्ष संपताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये. देशव्यापी टाळेबंदी लागली २५ मार्चला, म्हणजे नेमकी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्याच्या दिवसांत. पुढे बाजार बंद झाले, जत्रा रद्द झाल्या. ज्यांची मजुरी थांबली होती त्यांच्याकडे पट्टी मागायला कोण जाणार? पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम मात्र दुप्पट झालं. खर्च वाढला आणि उत्पन्न आटलं, तेही एकाच महिन्यात. आपत्ती निधीचा विचार करताना यातली पहिली बाजू सगळ्यांना दिसते, दुसरी सहसा हिशेबात धरली जात नाही.

मग आधार उरला केंद्रीय वित्त आयोगाचा. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ या एका वर्षासाठी देशातल्या स्थानिक संस्थांना ९०,००० कोटी रुपये सुचवले होते. त्यातले ६०,७५० कोटी ग्रामीण संस्थांचे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ५,८२७ कोटींचा. राज्याने त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना दिले, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण ग्रामपंचायतींचा हा हिस्सा २०११ च्या जनगणनेतल्या सहा कोटी पंधरा लाख ग्रामीण लोकसंख्येत वाटून पाहा. माणशी साडेसातशे रुपये पडतात. हजार वस्तीच्या गावाला वर्षाचे साडेसात लाख. त्यातला निम्मा निधी बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. राहिले पावणेचार लाख. रस्ता, गटार, अंगणवाडीची डागडुजी आणि महामारी, सगळं त्यातच.

हा पैसा आपत्तीसाठी ठरवलेलाच नव्हता. आयोगाने तो सुचवला तेव्हा विषाणूचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. केंद्राने १४ मार्च २०२० रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी कोविडसाठी वापरायला परवानगी दिली खरी, पण तो निधी राज्याकडे असतो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. ग्रामपंचायतीचा त्यावर हक्काचा वाटा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या कोविड रुग्णालयाला तो मिळणं योग्यच होतं. शाळेच्या खोलीतल्या दहा माणसांसाठी टँकर मागवणारा सरपंच मात्र त्या रांगेत कुठेच नव्हता.

शिवाय हाती आलेले पैसे खर्च करायलाही वाट सरळ नव्हती. खर्च ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात बसवायचा, आराखड्यातला बदल ग्रामसभेपुढे न्यायचा, आणि ग्रामसभांना तर संसर्गामुळे स्थगिती. त्याच वर्षापासून देयकं ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस प्रणालीतून, डिजिटल स्वाक्षरीने द्यायची पद्धत आली. स्वाक्षरी करणारा बदलला की नोंदणी नव्याने. आणि माणसं तर बदलतच होती, कारण राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबल्या होत्या. त्या अखेर १५ जानेवारी २०२१ ला झाल्या. तोवर मुदत संपलेल्या गावांचा कारभार प्रशासकांकडे, आणि एकेका प्रशासकाकडे कितीतरी गावं. पारदर्शकतेसाठी केलेल्या या व्यवस्थांना माझा विरोध नाही. संकटाच्या काळात त्या किती आणि कशा सैल करायच्या याचा नियम आधीच लिहिलेला नव्हता, ही खरी उणीव. तसं करता येतं, हे पुढे केंद्रानेच दाखवलं. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, अर्थ मंत्रालयाने २५ राज्यांतल्या ग्रामीण संस्थांसाठी अबंधित अनुदानाचे ८,९२३.८ कोटी रुपये वेळेआधी सोडले, महाराष्ट्राला ८६१.४ कोटी मिळाले. लेखे ऑनलाइन उपलब्ध असण्याची अटही त्या हप्त्यापुरती शिथिल झाली. जे २०२१ मध्ये सुचलं ते २०२० मध्ये नियमातच असतं तर?

आणि २०२१ मध्येच उलटा प्रकारही घडला. महावितरणने थकबाकीपोटी अनेक गावांतल्या पथदिव्यांची वीज तोडली, आणि राज्य सरकारने पथदिव्यांची व पाणीयोजनांची बिलं वित्त आयोगाच्या निधीतूनच भरायला सांगितलं. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने गेलं. सरपंचांनी आंदोलनं केली ती याच कारणाने, आणि मला ती पूर्ण न्याय्य वाटतात.

पण सगळ्यात मोठा अन्याय मोजणीत दडलेला आहे. पंधराव्या आयोगाने राज्याराज्यांत वाटप केलं ते ९० टक्के लोकसंख्या आणि १० टक्के क्षेत्रफळ या सूत्राने, आणि लोकसंख्या धरली २०११ ची. लालबागच्या चाळीत किंवा नालासोपाऱ्यात राहणारा चाकरमानी तिथेच मोजला गेलेला. मे महिन्यात तो राजापूर तालुक्यातल्या घरी परतला, तिथलं पाणी प्यायला, तिथल्या शाळेत विलगीकरणात राहिला, तिथल्या आशा सेविकेने त्याचा ताप तपासला. त्याच्या वाट्याचा रुपया मात्र शहराच्या हिशेबात. ज्या गावांतून सर्वाधिक माणसं बाहेर गेली, त्यांचीच नोंद कागदावर सर्वात लहान; आणि टाळेबंदीत सर्वाधिक माणसं परतली तीही त्याच गावांत.

मोजणीचा असा फटका अमेरिकेतही बसला. २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने राज्यं, स्थानिक सरकारं आणि आदिवासी सरकारांसाठी १५० अब्ज डॉलर ठेवले, पण थेट मागणीचा हक्क दिला तो पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या स्थानिक सरकारांनाच. बाकीच्यांनी आपल्या राज्याच्या तोंडाकडे पाहायचं. बुडालेला महसूल या पैशातून भरून काढायलाही मनाई होती. कोलोरॅडोचे प्रतिनिधी जो नेगूस यांनी छोट्या संस्थांसाठी २५० अब्ज डॉलरचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. ओक्लाहोमातल्या शॉनी जमातीची कथा तर विलक्षण आहे. आदिवासींचा निधी वाटताना अर्थखात्याने गृहनिर्माण खात्याच्या एका योजनेतली लोकसंख्या घेतली. त्या तक्त्यात हजारो सदस्यांच्या या जमातीपुढे आकडा होता शून्य. मिळाली ती किमान रक्कम, एक लाख डॉलर. जमात न्यायालयात गेली.

मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनने मात्र बरंच सुधारलं. ३५० अब्ज डॉलरपैकी १९.५३ अब्ज लहान शहरांसाठी वेगळे काढले, राज्याने ते सर्वसाधारणपणे तीस दिवसांत पुढे द्यावेत असं बंधन घातलं, आणि बुडालेल्या महसुलाच्या प्रमाणात हा पैसा सरकारी सेवांवर खर्च करायची मुभा दिली. आपल्याकडे घेण्यासारखं आहे ते हेच: वेगळा वाटा, ठरलेली मुदत, आणि आटलेल्या वसुलीची भरपाई.

यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात जिल्हा ग्रामविकास निधीची तरतूद आहे. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा ०.२५ टक्का त्यात भरतात आणि कामांसाठी त्यातून कर्ज घेतात. पैसा गावांचाच आहे. राज्याने त्यात आपली भर घालावी, आपत्ती जाहीर होताच प्रत्येक ग्रामपंचायतीला ठरावीक किमान रक्कम पंधरा दिवसांत, परतफेडीशिवाय, अबंधित मिळेल असा नियम करावा, आणि वाटप करताना जनगणनेबरोबर त्या महिन्यातली गावाची प्रत्यक्ष हजेरी धरावी. ही हजेरी नव्याने शोधायची नाही. २०२० मध्ये गावोगावच्या आशा सेविका आणि कृती दलांनी बाहेरून आलेल्या प्रत्येकाचं नाव, आल्याची तारीख आणि तापमान वहीत लिहूनच ठेवलं होतं.