जुन्या पिकअप वाहनांच्या ब्रेकचे सुटे भाग

उत्पादन बंद झालेल्या पिकअप ट्रक, जीप व तत्सम हलक्या मालवाहू वाहनांचे पुनरुज्जीवन करताना त्यांच्या ब्रेकचे झिजलेले किंवा गंजलेले भाग मिळवणे, दुरुस्त करणे अथवा नव्याने घडवणे हा या कामातील सर्वांत जबाबदारीचा टप्पा मानला जातो. रंग, आसने किंवा हौदा यांत उणीव राहिली तर वाहनाच्या देखणेपणाला बाध येतो. ब्रेकमधील उणीव मात्र चालकाच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या कामात केवळ वाहनाच्या नावावरून भाग न मागता मोजमापांवरून तो निश्चित करणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या वाहनांचे सुटे भाग सहज मिळतात की दुर्मीळ ठरतात, हे बऱ्याच अंशी मुंबईतील मोटार उद्योगाच्या इतिहासावर अवलंबून आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे वाहनजुळणी सुरू केली. फोर्ड कंपनीचेही मुंबईत जुळणीकेंद्र होते. स्वातंत्र्यानंतर देशांतर्गत उत्पादनावर भर देणारे धोरण आले आणि १९५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्यांनी भारतातील जुळणी थांबवली. त्यामुळे त्यांच्या शेव्हरोले व फोर्ड वाहनांच्या भागांचा स्थानिक पुरवठा आटला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे डॉज व फार्गो ट्रक पुढेही तयार केले.

जीपची स्थिती याहून निराळी आहे. महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. पुढे सीजे-३बी या नमुन्यावर आधारलेल्या जीप भारतात अनेक दशके तयार होत राहिल्या. अमेरिकेत या नमुन्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले होते. परिणामी जीपच्या ब्रेकचे अनेक भाग आजही तुलनेने सहज मिळतात.

ब्रेकची रचना

या काळातील बहुतेक वाहनांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरकडे ढकलला जातो. तेथील पिस्टन ब्रेक शू बाहेर लोटतात आणि शूवरील लायनर फिरत्या ड्रमवर घासून चाक थांबते. फोर्ड वाहनांत १९३८ पर्यंत द्रवाऐवजी सळया व तारांचा वापर होत असे.

जुन्या रचनेत चारही चाकांसाठी द्रवाचा एकच मार्ग असे. एखादी नळी फुटली किंवा एका चाकाचे रबर निकामी झाले, तर संपूर्ण पाय-ब्रेक निकामी होतो. आधुनिक वाहनांत दोन स्वतंत्र मार्ग असल्याने निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. जुन्या वाहनात ती सोय नसल्याने प्रत्येक लहान भागाचे महत्त्व वाढते.

योग्य भागाची निवड

एकाच नावाच्या वाहनात वर्षानुसार ब्रेक बदललेले आढळतात. शेव्हरोलेच्या अर्धा टनी पिकअपला १९३६ ते १९५० या काळात ‘हक’ पद्धतीचे, तर १९५१ पासून ‘बेंडिक्स’ पद्धतीचे ब्रेक होते. त्यामुळे केवळ ‘जुनी शेव्हरोले’ असे सांगून मागवलेले शू बसतीलच असे नाही.

सिलिंडरच्या आतील व्यासाबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. पिस्टनवरील जोर त्याच्या क्षेत्रफळाच्या, म्हणजेच व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. विलीज जीपमध्ये पुढील व्हील सिलिंडर १ इंच, तर मागील ३/४ इंच व्यासाचे होते. वर्ग केल्यास हे प्रमाण १६ : ९ असे येते. मागे चुकून १ इंचाचा सिलिंडर बसवल्यास मागच्या ब्रेकचा जोर सुमारे ७८ टक्क्यांनी वाढतो. असे वाहन रिकामे असताना मागची चाके आधी जाम होऊन ते आडवे फिरू शकते. बाहेरून दोन्ही सिलिंडर सारखेच दिसू शकतात. म्हणून ते कॅलिपरने मोजूनच बसवावे लागतात. नळीच्या जोडांचे आटेही तपासावे लागतात, कारण इंची व मेट्रिक आटे बळेच जुळवल्यास जोड दाबाखाली सुटण्याचा धोका असतो.

बाजार व कारागीर

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता व चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, तर दिल्लीत काश्मिरी गेट ही जुन्या व नव्या सुट्या भागांच्या शोधाची परिचित ठिकाणे आहेत. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखल्यासारख्या खाणीच्या गावातून मोठ्या बाजारासाठी नागपूर गाठावे लागते. अशा अंतरावरून भाग मागवताना जुना भाग नमुना म्हणून सोबत नेणे किंवा मोजमापे, छायाचित्र व भागावरील कोरीव क्रमांक पाठवणे उपयुक्त ठरते.

भाग न मिळाल्यास तो दुरुस्त करता येतो. खड्डे पडलेला सिलिंडर मोठा करून त्यात पितळ किंवा स्टेनलेस स्टीलची बाही बसवून मूळ व्यास परत मिळवतात. जुन्या शूवर नवे लायनर रिव्हेटने ठोकतात व ते ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून घेतात. ड्रम लेथवर कातता येतो. मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे पातळ झालेला ड्रम तापून तडकू शकतो, म्हणून तो बाद करावा लागतो. रबरी भाग जुन्या साठ्यातील असल्यास ते वेष्टनात कोरे दिसले तरी वयोमानाने कडक झालेले असू शकतात. त्यामुळे ते नव्या उत्पादनातीलच घेणे इष्ट असते.

सुरक्षितता

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक व कर्करोगास कारणीभूत असल्याने ड्रम हवेच्या झोताने साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसावा. ब्रेक द्रवाच्या जागी इंजिन ऑइल वा इतर खनिज तेल घातल्यास रबर फुगून ब्रेक निकामी होतात. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो, त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात; उभ्या राहणाऱ्या वाहनांतही हा द्रव ठरावीक काळाने बदलावा लागतो.

कायदेशीर तरतूद

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ५० वर्षांहून जुन्या, अव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. वाहन मूळ स्वरूपात असावे, अशी अट आहे. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांतील बदल हा मोठा फेरबदल समजला जातो. अशी वाहने प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात.

मूळपणा व सुरक्षितता यांतील निवड पुनरुज्जीवनात वारंवार करावी लागते. काही मालक दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर बसवतात. काही मूळ एकेरी रचना ठेवून तिचे सर्व भाग नवे करतात. दुसऱ्या मार्गात वाहनाचा ऐतिहासिक नमुना टिकतो. मात्र त्यासाठी नियमित तपासणी आणि मर्यादित वेग पाळावा लागतो.